मोठ्या आतड्याच्या वाट्याला

रश्शावर तुपाचे थेंब तरंगत सोडले की प्लेगचे जंतू त्या थेंबांना खालून धरतात आणि लोंबत लोंबत वाढतात. वाल्डेमार हाफकिन यांनी ही युक्ती मुंबईत वापरली ती 1896च्या अखेरीस. सप्टेंबरात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवीत प्लेग ओळखला होता, माणसं शहर सोडून पळत होती, आणि भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या अपुऱ्या जागेत हाफकिन यांना लशीसाठी जंतू हवे होते, तेही थोडेथोडके नव्हेत. रस्सा बोकडाच्या मांसाचा होता. गाईचं किंवा डुकराचं काही त्यात असेल तर इथं लस कोणी टोचून घेणार नाही, एवढं त्यांना कळत होतं. 10 जानेवारी 1897ला त्यांनी ती लस आधी स्वतःला टोचून घेतली. 1899मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात आली आणि 1925मध्ये तिला हाफकिन यांचं नाव मिळालं.

लशीची गोष्ट पुष्कळांनी लिहिली आहे. मला त्यातले फक्त तुपाचे थेंब हवे आहेत. जंतू कुठला आहे, याच्याइतकंच त्याला खायला काय मिळतं यालाही महत्त्व आहे, हे परळच्या त्या आवारातल्या माणसांना सव्वाशे वर्षांपूर्वी हाताने करून माहीत होतं. या पुस्तकाचा विषय तोच आहे. फरक इतकाच की इथले जंतू काचेच्या भांड्यात नाहीत, गिरगाव ते लालबाग पट्ट्यात राहणाऱ्या, भाकरी, भात, बोंबील, मिसळ, पाव खाणाऱ्या माणसांच्या पोटात आहेत, आणि ते मारायचे नसून पाळायचे आहेत.

हाफकिन यांचे ओडेसातले प्राध्यापक म्हणजे एली मेचनिकॉफ. गुरू 1888मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत गेले, पाठोपाठ शिष्यही गेला. त्याला तिथं पहिली नोकरी मिळाली ती ग्रंथालयात. पुढे शिष्य मुंबईत प्लेगशी झुंजत असताना गुरूच्या डोक्यात म्हातारपणाचा विषय शिरला. मोठं आतडं हा माणसाच्या शरीरातला निरुपयोगी, किंबहुना घातक अवयव आहे, तिथं अन्न कुजतं, त्या कुजण्याचं विष रक्तात जातं आणि माणूस अकाली थकतो, असं त्यांचं मत झालं. उपाय म्हणून त्यांनी आंबवलेलं दूध सुचवलं. बल्गेरियातले शेतकरी दही खाऊन दीर्घायुषी होतात, हे त्यांच्या 1907च्या पुस्तकामुळे युरोपभर झालं. दुसऱ्याच वर्षी त्यांना नोबेल मिळालं, ते प्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी. पण लोकांनी त्या नोबेलची झळाळी दह्यालाही दिली. लंडनमध्ये सर विल्यम आर्बथनॉट लेन नावाचे शल्यविशारद तर याच विचारातून माणसांची मोठी आतडी कापून काढत होते.

1920च्या दशकात अमेरिकेत याची नीट तपासणी झाली तेव्हा कळलं, की बल्गेरियन दह्यातला तो जीवाणू माणसाच्या आतड्यात वस्तीच करत नाही. येतो आणि जातो. आज दादरच्या दुकानात प्रोबायोटिकची बाटली विकत घेणाऱ्याला ही शंभर वर्षांपूर्वीची माहिती कोणी सांगत नाही. मेचनिकॉफ यांचं लक्ष बाहेरून कोण येतं याच्याकडे लागलं होतं. आत आधीपासून राहणाऱ्यांना जेवायला काय मिळतं, हा प्रश्न त्यांनी विचारला नाही, आणि मोठं आतडं निरुपयोगी ठरवून बसल्यावर तो सुचणंही अवघडच होतं.

आत राहणाऱ्यांची संख्या आता बऱ्यापैकी मोजता येते. 2016मधल्या हिशोबानुसार मध्यम बांध्याच्या पुरुषाच्या शरीरात सुमारे 38 लाख कोटी जीवाणू असतात. त्याच्या स्वतःच्या पेशी 30 लाख कोटींच्या आसपास. माणसाच्या एका पेशीमागे दहा जीवाणू असं जे जुनं गणित भाषणांतून ऐकू येतं, ते सोडून द्यावं. वजन सगळं मिळून पाव किलोच्याही आत भरतं. यातले बहुतेक सगळे मोठ्या आतड्यात असतात, आणि तिथं असणं याचा अर्थ शेवटच्या पंगतीला बसणं. साखर, तेल, शिजलेला मऊ भात, मैदा, मासळीतली प्रथिनं हे सगळं लहान आतड्यात आपण स्वतःच शोषून घेतो. शेवटच्या पंगतीला उरतं ते आपल्याला न पचलेलं: धान्याचा कोंडा, भाजीच्या पेशींच्या भिंती, कांद्या-लसणातल्या काही लांब साखळीच्या साखरा, कडधान्यातल्या रॅफिनोजसारख्या साखरा, थंड झालेल्या भातातला हट्टी स्टार्च.

वालाचं बिरडं खाल्ल्यावर पोट का गुबारतं, याचं उत्तर इथंच आहे. रॅफिनोज तोडणारं विकर माणसाच्या आतड्यात नसतं, जीवाणूंकडे असतं. ते त्या साखरा आंबवतात आणि हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड, काही जणांत मिथेन असे वायू सोडतात. वाल भिजवून मोड आणून सोलले की त्या साखरांचा काही भाग कमी होतो, म्हणून बिरड्याचा तो सगळा उपद्व्याप. गिरगावातल्या पाठारे प्रभू आणि सीकेपी घरांत वाल सोलत बसलेल्या बायकांना रसायनशास्त्र माहीत नसेल, पण कुठले वाल बाधतात हे माहीत होतं. वायू हा मात्र या व्यवहारातला गौण भाग. मुख्य उत्पन्न आहे ते ब्युटिरेट, प्रोपिओनेट, अ‍ॅसिटेट या आखूड साखळीच्या आम्लांचं. मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी आपली बहुतांश ऊर्जा ब्युटिरेटमधून घेतात, म्हणजे त्यांचं पोट रक्तातल्या साखरेपेक्षा जीवाणूंच्या कमाईवर जास्त चालतं. आणि पंगतीला काहीच आलं नाही तर? 2016मध्ये उंदरांवर झालेल्या प्रयोगात दिसलं, की तंतुमय अन्न बंद केल्यावर काही जीवाणू आतड्याच्या आतला बुळबुळीत श्लेष्माचा थर खाऊ लागतात, थर पातळ होतो, आणि रोगजंतूला वाट मिळते.

आता गिरणगावाकडे येऊ, कारण या विषयाला इथली माती चांगली लागते. 1850च्या दशकात ताडदेवला पहिली गिरणी निघाल्यापासून रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडचा कोकणी माणूस आणि सातारा-सांगली-पुण्याकडचा घाटी माणूस परळ-लालबागेत आला तो आपलं जेवण सोबत घेऊन. कोकणातून उकडा तांदूळ, नाचणी, कुळीथ, सुकट, कोकम. घाटावरून ज्वारी, बाजरी, मटकी, हुलगे. बायकामुलं गावी आणि पुरुष खोलीत दहा-पंधरा जणांत पाळीपाळीने झोपणार, अशी राहणी. त्यांना जेवू घालणाऱ्या खाणावळी बायका चालवत. त्या ताटाला पोषणशास्त्राच्या भाषेत आज भारी नावं देता येतील. उकड्या तांदळाची पेज, कुळथाची पिठी, न चाळलेल्या पिठाची भाकरी, मोडाची उसळ, कच्चा कांदा: शेवटच्या पंगतीची चंगळ होती.

हे मी आठवणींच्या उमाळ्याने म्हणत नाही. 2010मध्ये इटलीतल्या संशोधकांनी फ्लॉरेन्सची मुलं आणि बुर्किना फासोमधल्या बूलपॉन या खेड्यातली मुलं यांच्या विष्ठेतले जीवाणू ताडून पाहिले. आफ्रिकी मुलांच्या जेवणात काय होतं? बाजरी, ज्वारी, चवळी आणि भाज्या. घाटावरच्या माणसाला हे ताट परकं वाटणार नाही. त्या मुलांच्या पोटात प्रिव्होटेला गटाचे, वनस्पतींचे चिवट तंतू तोडणारे जीवाणू भरपूर होते आणि आखूड साखळीची आम्लंही फ्लॉरेन्सच्या मुलांपेक्षा जास्त होती. भारतात भोपाळच्या आयसरने 2019मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 110 निरोगी माणसं होती, काही भोपाळकडची, काही केरळातली. शाकाहारी वळणाचं जेवण जेवणाऱ्या भोपाळच्या गटात प्रिव्होटेलाचं राज्य, तर भात-मासळी-मांस खाणाऱ्या केरळच्या गटात इतर जीवाणूंचं प्रमाण जास्त. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात डॉ. योगेश शौचे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीयांच्या आतड्यात प्रिव्होटेलासोबत मेगास्फेरा हा गटही ठळकपणे दिसतो, असं 2016मध्ये मांडलं. त्याच गटाचं 2012मधलं एक काम मला जास्त आवडतं. त्यांनी दोन एकत्र कुटुंबं घेतली, प्रत्येकात एका छपराखाली राहणाऱ्या तीन पिढ्या. चूल एक, ताटं जवळपास सारखी, तरीही आजोबा, मुलगा आणि नातू यांच्या पोटातल्या जीवाणूंत वयानुसार फरक होता. आहार सगळं ठरवतो असं म्हणणाऱ्याने हा अभ्यास उशाशी ठेवावा.

गिरणगावाचं ताट बदललं ते कोणाच्या सल्ल्याने नव्हे. 1943मध्ये मुंबईत रेशनिंग सुरू झालं आणि दुकानात जे धान्य मिळेल ते खायची सवय लागली. भात खाणाऱ्या घरांत गव्हाची चपाती स्थिरावली. पुढे टंचाईच्या वर्षांत अमेरिकेतून मिलो आली, लाल ज्वारी. ज्यांनी ती खाल्ली ते आजही तिचं नाव काढलं की तोंड वाकडं करतात. शेवटच्या पंगतीने मात्र तक्रार केली नसती. तांदूळ पांढराशुभ्र झाला, भाकरीच्या जागी पाव आला. दादर स्टेशनाबाहेर 1960च्या दशकात अशोक वैद्य यांच्या गाडीवर वडापाव जन्मला असं सांगतात, आणि गिरणीची पाळी सुटल्यावर पटकन, स्वस्तात, हातात धरून खाता येईल असं दुसरं काय होतं? वडापावावर सगळा राग काढणं बरोबर नाही. वड्याच्या आवरणात हरभऱ्याचं पीठ आहे. मिसळीत तर अख्खी उसळ आहे. दोष पावात आहे, कारण मैद्यातून कोंडा गेलेला असतो आणि उरलेला स्टार्च वरच्या वर शोषला जातो. त्याहून मोठा गुन्हेगार आपण उपवासाच्या नावाखाली लपवून ठेवला आहे. दादरच्या उपाहारगृहांत एकादशीला ज्याच्यासाठी रांग लागते तो साबुदाणा वडा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. त्यातलं दाण्याचं कूट नसतं तर मोठ्या आतड्याला खरोखरीच निर्जळी घडली असती.

18 जानेवारी 1982ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले आणि गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या सुरू झाल्याच नाहीत. त्याबरोबर खाणावळींचा आधारही गेला. प्रेमा पुरव यांनी 1975मध्ये उभ्या केलेल्या अन्नपूर्णा महिला मंडळाने या बायकांना सावकाराच्या कचाट्यातून काढून बँकेच्या कर्जापर्यंत नेलं होतं, त्यामुळे काही जणी टिकल्या. पण ज्या ताटाबद्दल मी वर लिहिलं ते ताट एका विशिष्ट अर्थव्यवस्थेचं ताट होतं. ती गेल्यावर, आहारतज्ज्ञाने कितीही सांगितलं तरी, ते आपोआप परत येत नाही.

स्थलांतराने जीवाणू बदलतात का, याचं थेट मोजमाप अमेरिकेत झालं आहे. आग्नेय आशियातून मिनेसोटात आलेल्या ह्मोंग आणि कारेन लोकांचा अभ्यास 2018मध्ये प्रसिद्ध झाला. आल्यापासून काही महिन्यांतच प्रिव्होटेला मागे हटू लागले, बॅक्टेरॉइड्स हा दुसरा जीवाणूगट पुढे आला, चिवट तंतू तोडणारी विकरं कमी झाली आणि तिथं जन्मलेल्या पिढीत हा ऱ्हास आणखी खोल होता. कोकणातून लालबागला येणं याच्या तुलनेत सौम्य. शिमगा-गणपतीला माणूस गावी जात होता, येताना पोतं आणत होता. लालबागहून न्यू जर्सीला गेलेल्या नातवाला मात्र ते मिनेसोटाचं वर्णन लागू पडेल.

बदल किती झटपट होतो तेही पाहण्यासारखं आहे. 2014च्या एका प्रयोगात काही जणांना पाच दिवस फक्त मांस, अंडी, चीज दिलं. अन्न आतड्यात पोचल्यावर एका दिवसातच जीवाणूंची गर्दी बदलली आणि जुन्या जेवणावर येताच दोनेक दिवसांत बरीचशी पूर्वपदाला आली. त्यात आजन्म शाकाहारी असलेला एक जण होता. त्याचे प्रिव्होटेला पाच दिवसांत ओसरले. पुढच्याच वर्षीच्या दुसऱ्या प्रयोगात वीस कृष्णवर्णीय अमेरिकन आणि वीस ग्रामीण दक्षिण आफ्रिकी माणसांनी दोन आठवडे एकमेकांचं जेवण घेतलं. अमेरिकनांचं ब्युटिरेट वाढलं, आतड्याच्या अस्तराची सूज उतरली. आफ्रिकी माणसांत नेमकं उलटं घडलं. मुंबईत कर्करोगाची लोकसंख्येवर आधारलेली नोंदणी 1963पासून आहे, देशातली पहिली, आणि पाश्चात्त्य शहरांच्या मानाने इथं मोठ्या आतड्याचा कर्करोग कमी आढळत आला आहे. कारणं अनेक असणार. ताट त्यातलं एक आहे, असं मानायला वरच्या प्रयोगामुळे जागा मिळते.

इथवर वाचून कोणाला वाटेल, की जुनं ते सोनं हेच सांगायचं होतं. म्हणून परळच्या त्याच आवारातली दुसरी गोष्ट.

1928मध्ये लुसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. कापडगिरण्यांत काम करणाऱ्या गरीब गरोदर बायकांना एक भयंकर पंडुरोग होत होता, तांबड्या पेशी संख्येने कमी आणि आकाराने अवाढव्य, आणि पुष्कळ जणी बाळंतपणात मरत होत्या. विल्स यांनी संसर्ग शोधत बसण्यापेक्षा बायका काय खातात ते तपासलं. ज्यांच्या ताटात भाजी, फळं, प्रथिनं नव्हती त्यांना आजार जास्त होता. तेच ताट हाफकिन संस्थेत प्राण्यांना दिलं. माकडांनाही पंडुरोग झाला. तो बरा केला मार्माइटने, म्हणजे बिअर बनवल्यावर उरलेल्या यीस्टच्या स्वस्त अर्काने. 1931मध्ये हे ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलं. त्या अर्कातला अज्ञात घटक काही वर्षं विल्स यांच्याच नावाने ओळखला गेला. 1941मध्ये अमेरिकेत चार टन पालकातून तो वेगळा काढला तेव्हा त्याचं नाव फोलिक आम्ल झालं, आणि 1940च्या दशकाच्या मध्यावर लेडर्ली कंपनीत येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूने तो कृत्रिमरीत्या बनवला. आज प्रत्येक गरोदर बाईला मिळणाऱ्या गोळीची मुळं अशी मुंबईच्या गिरण्यांत आहेत.

आपल्या विषयाशी याचा संबंध असा, की आतड्यातले पुष्कळ जीवाणू फोलेट स्वतः बनवतात आणि त्यातलं थोडं आपल्याला मिळतंही. वेल्लोरच्या संशोधकांनी 1980मध्ये तर लहान आतड्यातले जीवाणू ब-12 बनवतात, हेही दाखवलं. तरी त्या बायका वाचल्या नाहीत. ताटच रिकामं असेल तर शेवटच्या पंगतीचं दान पुरत नाही. ज्या काळाच्या भाकरी-उसळीचं आपण कौतुक करतो त्याच काळात, त्याच गल्ल्यांत, ताटात भाजी नसल्याने माणसं मरत होती. पुढची प्रकरणं वाचताना आजीच्या स्वयंपाकघराचा गहिवर आवरता आला तर बरं.

आंबवलेल्या पदार्थांना इथं वेगळं प्रकरण दिलं आहे, कारण मेचनिकॉफ यांची बाजू अगदीच लंगडी नव्हती. 2021मध्ये स्टॅनफर्डच्या प्रयोगात 36 जणांचे दोन गट केले. दहा आठवडे भरपूर दही, केफीर, किमची खाणाऱ्यांच्या पोटातली जीवाणूंची विविधता वाढली आणि रक्तातल्या दाहाच्या खुणा उतरल्या. नुसते तंतू वाढवणाऱ्यांची विविधता तेवढ्या काळात वाढली नाही. बहुधा, वर्षानुवर्षं उपाशी असलेल्या पंगतीत तंतू खाणारे उरलेच नव्हते. आपल्याकडे ताक, आंबोळी, आंबील आहे. पण आंबोळी तव्यावर गेली की जिवंत काही राहत नाही, आणि बाजारातलं पियूष हे आधी गोड आणि मग आंबट असतं, हे गिरगाव-दादरकरांनी मनाला लावून घेऊ नये. विविधता ताटातूनही येते. आठवड्याला तीसहून अधिक प्रकारच्या वनस्पती खाणाऱ्यांच्या पोटात दहाच्या आत खाणाऱ्यांपेक्षा जास्त प्रकारचे जीवाणू असतात, असं 2018च्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं. भाद्रपदात दादरच्या मंडईत ऋषीच्या भाजीसाठी अळू, माठ, भोपळा, सुरण, मका, अंबाडी, पडवळ, भेंडी एकत्र मिळतं. हा आकडा गाठायची सुरुवात त्या एका पिशवीत होते.

शेवटी वापराबद्दल थोडं. ज्यांच्या घरी बरीच वर्षं पोळी-भात आणि पावच चालला आहे त्यांनी हे पुस्तक वाचून दुसऱ्या दिवशी पातेलंभर वाल शिजवू नयेत. दोन-तीन आठवडे घेऊन, मुगापासून, थोडं थोडं वाढवावं आणि पाणी भरपूर प्यावं. शिळ्या भाताचा फायदा फ्रिजमध्ये ठेवलेल्या भाताला लागू आहे. पावसाळ्यात ओट्यावर रात्रभर राहिलेल्या भातात बॅसिलस सीरियस वाढतो, आणि त्याचं विष फोडणीने जात नाही. आतड्याला सूज किंवा अल्सरचा आजार असलेल्यांनी, शस्त्रक्रिया झालेल्यांनी आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांनी कडधान्यांची प्रकरणं आपल्या डॉक्टरांना दाखवून मगच स्वयंपाकघरात न्यावीत. नाचणी आणि कुळथाच्या पाककृती चार माणसांच्या मापाने दिल्या आहेत.